सऱ्याला खिळा नाही

चोपड्यात लायटीचं काम करणारे पुष्कळ होते, पण वस्तीतल्या समाजमंदिरात शिडी लावायची तर भिकन सपकाळेलाच विचारावं लागे. शाळेतल्या वायरमनच्या नोकरीतून तो कधीच मोकळा झाला होता. जयंतीच्या नाटकाला उजेड द्यायचं काम मात्र त्यानं कुणाच्या हाती जाऊ दिलं नव्हतं. माणूस कामाचा, पण तोंडाचा फटकळ. आणि मधल्या सऱ्याचा विषय निघाला, की मग त्याच्याशी बोलायची सोयच नसे.

सरा म्हणजे छपराखालची आडवी सागवानी तुळई. ही धुळ्याकडच्या एका जुन्या जिनिंगमधून आलेली. भिकनचा बाप तोताराम तिथं कापसाच्या गठाणी वाहायचा. उन्हात दम खायला तो आणि त्याचे सोबती पडवीत टेकले, की मुकादम उठवून लावी. पुढे जिनिंग पाडली, तेव्हा याच हमालांनी वर्गणी काढून त्याच पडवीचा सरा विकत घेतला आणि समाजमंदिरावर चढवला. आता बघू कोण उठवतो ते! "याले खिळा ठोकानं नही," एवढंच तोताराम म्हणाला होता. भिकननं तो शब्द पाळला.

त्याची रीतही न्यारी. इकडे केळी खोक्यात भरताना फण्यांच्या मध्ये पातळ फोम घालतात. तो फोम दुहेरी करून भिकन सऱ्याला गुंडाळी, त्यावरून रुंद कापडी पट्टा आवळी, पट्ट्यात हलका पाइप अडकवी आणि पाइपाला एलईडीचे छोटे दिवे टांगी. एखादा निसटलाच तर डोक्यात पडू नये म्हणून प्रत्येकाला वेगळी साखळी. लाकडावर ओरखडासुद्धा उमटत नसे. पाहुणा आला की भिकन वर बोट दाखवी, आणि पाहुण्यानं मान डोलावेपर्यंत ते खाली घेत नसे.

मंडळाचा अध्यक्ष प्रशील एकदा म्हणाला, भोकं पाडून बोल्टवरच बसवू दिवे, दरवर्षीचा ताप वाचेल. भिकन भर बैठकीत उसळला. "तुना आजानी हाई लाकूड खांदावर वाही आनं. अन तू त्याले भोक पाडशी?" प्रशील मान खाली घालून बसला. तेव्हापासून दिव्यांच्या कामात तो पडला नाही.

पुढे भिकनचे गुडघे धरले. कार्यक्रम संपला की फोम सोडायचा, लाकडावरून कोरडं फडकं फिरवायचं, हे पथ्य त्याचं त्यानंच घालून घेतलेलं. पण शिडीवर फार वेळ उभं राहवेना, तसा तो दिवे तेवढे उतरवून फोम आणि पट्टे वरच ठेवू लागला. मऊच तर आहे, लाकडाला काय होणार, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. आपल्याला हवी तेव्हा समजूत पटकन पटते.

यंदा नाटकासाठी एका दिव्याची जागा बदलायची होती. नाटकाच्या दिवशी दुपारी समाजमंदिरात कुणी नसताना भिकन वर चढला. पट्टा सोडला, तर फोमच्या आत मातीचा जाड थर. पावसाळ्यात पत्र्यातून ठिबकलेलं पाणी फोमनं धरून ठेवलं होतं आणि त्या ओलीत वाळवीनं संसार थाटला होता. भिकननं लाकडावर अंगठा टेकवला. अंगठा आत गेला.

पलीकडचा सरा मांडववाल्यांनी खिळे ठोकठोकून विद्रूप केलेला. खाली उतरून, शिडी तिकडे नेऊन त्यानं त्याच्यावर मूठ आपटली. लाकूड अगदी खणखणीत. त्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो राग, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं.

मग त्यानं जे केलं, ते त्याच्या वैऱ्यालाही खरं वाटलं नसतं. नवा फोम घेतला, पोखरलेली जागा झाकली, पट्टा आवळला आणि दिवे चढवले. दिवे हलके आहेत, आजचा दिवस निभेल, उद्या बघू.

संध्याकाळी सतरंज्या पडल्या. लेकरं कडेवर घेऊन बाया आल्या. भिकनची म्हातारी माय द्रौपदाबाई हिची खुर्ची पहिल्या रांगेत, बरोबर त्या सऱ्याखाली ठेवली गेली. नवऱ्यानं आणलेल्या लाकडाखाली बसायला तिला आवडे, आणि ही जागा तिची म्हणून सगळ्यांना ठाऊक होती. बटणांपाशी उभा असलेला भिकन तिच्या पांढऱ्या डोक्याकडे बघत राहिला. त्यानं मेन स्विच खाली ओढून दिवे घालवले.

"बठ्ठा बाहेर निंघा," तो म्हणाला. "सरा सडी गया. मन्हामुळे."

कुरकुरत, बावरत लोक अंगणात गेले. द्रौपदाबाई दाराशी थांबली. भिकननं तिला सगळं सांगितलं, दुपारी झाकलं तेही सांगितलं.

"तुना बाप म्हने, खिळा ठोकू नको," म्हातारी म्हणाली. "त्याकडे दखू नको, असं तो नही म्हने."

भिकननं बॅटरी पेटवली. शिडी बाजूनं लावून त्यानं दिवे उतरवले, सगळा फोम सोडला. उजेडात ती काळी, भुसभुशीत जागा लोकांनी दारातून पाहिली.

प्रशील मांडववाल्याकडून लोखंडी टेकू घेऊन आला. एक शब्दही तो टोचून बोलला नाही, आणि भिकनला तेच फार लागलं. टेकू सऱ्याखाली उभा करून प्रशील थांबला. त्याची नजर भिकनच्या काखेतल्या फोमवर गेली.

"आबा, मधे तो फोम घालू ना? लोखंड घासेल लाकडाला."

भिकननं फोम अंगणात फेकला.

"काही घालू नको," तो म्हणाला. "लाकूड दिसू दे."