लांब रोटीवाली प्रयागबाई

प्रयागबाईचं नाव काढलं का आजही माह्यी आग होते. माह्यी शेजारीण, भिंतीले भिंत लागून. तिच्यापेक्षा मी गोरी, मी चौथी शिकलेली, आन् नागपूरचे लोक विचारतात कोणाले? तिले!

आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट. आमच्या जंगलाचं नॅशनल पार्क झालतं. मोहफुलं वेचणं बंद, ढोरं चारणं बंद. चूल कशी पेटवावी, हाच दोघींच्या घरी घोर. तव्हा रेंजरसाहेब म्हणाले, "वाघ पाहाले नागपूरहून पाहुणे येऊन राहिले. रेस्ट हाऊसवर रांधाले गावची एक बाई ठेवतो. या आइतवारी दोघीही रांधा. जिचं आवडन, तिले काम."

काम माहंच, मी धरूनच चालली. नागपुरात प्रताप नगरच्या नणंदेकडं राहून फुलके शिकून आलती मी. सासूची रोटी भाजाची मातीची मटकी त कव्हाच कोंबडीले अंडे घालाले देऊन टाकलती. शहरातल्या लोकायसमोर मटक्यावरची रोटी ठेवाची? शरम नाई वाटत?

पण प्रयागबाईले कुठली शरम! तिनं चुलीवर मटका उपडा घातला, सैल कणीक हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवली आन् टाकली त्याच्यावर. पाहुणे उठूनच आले पाहाले. संगं भिवापुरी मिरचीचा ठेचा. माह्ये फुलके टोपल्यात तसेच. एक बाई मले म्हणे, "हे तर आम्ही रोज घरी खातो." अंगाचा तिळपापड झाला नुसता!

काम तिले भेटलं. दर आइतवारी मी दारात बसून बोटं मोडो. नवरा म्हणे, "काहून जळून राहिली वं?" जळू नाई त काय आरती ओवाळू?

एका आइतवारी सकाळीच ती दारात. "तुळसे, मटका तडकला वं. नव्यावर रोटी चिकटते. तुह्या सासूची मटकी दे."

मनात उकळ्या फुटल्या. नाई म्हटलं असतं त तिचं काम गेलंच होतं. मी ठसक्यात म्हटलं, "मटकी भेटन. पण मीही संगं येईन. अर्धं काम माहं."

मले वाटलं, आता हिचं तोंड उतरन. त ती हसलीच. "नुसती मटकीच पाह्यजे असती त लेकीले धाडलं असतं. पाहुणे वाढले. दोघी येतो म्हणून साहेबाले कव्हाचंच सांगून ठेवलं मी. चाल, कणीक भिजव."

कोंबडी हाकलली, मटकी घासली आन् गेली मी. पण इथंही माह्या पयले तीच साहेबाशी बोलली ना! त्याचीच आग होते मले, आजही.