घोरपडताईची दोन नावं

२१ जानेवारी २००१, रविवार. व्यायामशाळेच्या सभागृहात क्रीडागौरव दालन समितीची बैठक. जमलेली देणगी एक लाख चौऱ्याहत्तर हजार. हजर सात जण: अध्यक्ष, सचिव, खजिनदारांसह चार सभासद आणि समितीचा हिशेबतपासनीस म्हणून यादीही तपासणारा मी. वसई-विरार पट्ट्यातल्या नामवंत खेळाडूंचे फोटो त्यांच्या कामगिरीसह भिंतीवर कायमचे लावायचे होते. त्या दिवशी एकोणतीस नावं मंजूर झाली. घोरपडताई त्यात नव्हती. तिला वगळणारी लाल पेन्सिल माझ्याच हातात होती, हे आधीच सांगून टाकतो.

मनवेलपाड्यात तिचं खरं नाव कोणी घेत नसे. कबड्डीत ती डाव्या कोपऱ्यावर उभी राहायची आणि चढाईला आलेलीचा घोटा धरायची. एकदा धरला की सुटत नसे, म्हणून घोरपड. आमच्या इमारतीमागच्या चाळीत राहायची, शाळेत शिपाई होती. रोज संध्याकाळी सहा ते साडेसात मोकळ्या प्लॉटवर पोरींना फुकट शिकवायची. त्यात माझी मुलगीही होती. "डोले नको बघू गो, पाय बघ!" हा तिचा ओरडा आमच्या तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचा. "डोले फसवतात. पायाला फसवता येत नाय."

एकदा बाजारात एक जण कुणाची तरी पर्स हिसकावून पळाला. घोरपडताई मेथी निवडत बसली होती. उठलीसुद्धा नाही. बसल्या जागेवरून तिने त्याचा घोटा धरला, तो तोंडावर आपटला, आणि ही म्हणते कशी, "आता बोल कबड्डी कबड्डी!" लोक पोट धरून हसले. तिने पर्स परत केली आणि मेथीच्या जुडीमागे आठ आणे कमी करून घेतले.

पण मला आठवते ती स्थानिक स्पर्धेची एक अंतिम लढत. गुणलेखक मी होतो. शेवटच्या मिनिटात तिने समोरच्या मुलीला पकडलं, पंचांनी बाद दिलं. ही हात वर करून पुढे गेली. "साहेब, ती रेषेला पोचली तवा माझा हात सुटला व्हता." पंचांनी निर्णय फिरवला. आमचा संघ सोळा-सतरा असा हरला. घरी येताना मुली रडत होत्या, दोघी तिच्याशी बोलत नव्हत्या. ती एवढंच म्हणाली, "चोरलेला गुन अंगाला लागत नाय."

अशी बाई यादीत नाही, हे माझ्या मुलीने फलकावर वाचलं आणि घरी येऊन मला फैलावर घेतलं. "बाबा, ताई कुठे आहे?" मी म्हटलं, "नावच आलं नसेल." तसाच चाळीत गेलो. घोरपडताईने बिस्किटांचा डबा काढला. आत पाच प्रमाणपत्रं होती. दोन मंजुळा नावाची, चांदीपची. तीन सुनेत्रा नावाची, मनवेलपाड्याची.

"ह्या दोघी कोण?" मी विचारलं.

"दोन्ही मीच की. लग्नात तांदलात नवं नाव लिवलं नवऱ्यानं. तवापासून सुनेत्रा."

समितीचा निकष होता, जिल्ह्याकडून किमान चार वेळा राज्य स्पर्धा. जिल्ह्याच्या नोंदींवरून आलेल्या माझ्या यादीत मंजुळा दोनदा, सुनेत्रा तीनदा. दोघीही कमी पडल्या, आणि दोन्ही नावांवर मी फुली मारली होती. जन्मभर बेरीज करत आलेल्या माणसाला दोन आणि तीन पाच करता आले नाहीत.

चूक कबूल करायला सचिवांकडे गेलो. ते चहा ढवळत म्हणाले, "परबसाहेब, कागदावर दोन बायका आहेत."

"बाई एकच आहे. मी अकरा वर्षं पाहतोय."

"मग लग्नाचा दाखला आणा. नाहीतर प्रतिज्ञापत्र करा."

"मंजूर यादीतल्या अध्यक्षांच्या भावाचं एकच प्रमाणपत्र आहे. बाकी तीन वर्षं तुम्ही तोंडी धरलीत."

"त्यांना सगळा तालुका ओळखतो हो."

"आणि हिला?"

"घोरपड म्हणून ओळखतो. घोरपडीचा फोटो लावायचा का भिंतीवर?" असं म्हणून ते स्वतःच हसले. तो हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे आणि अजून माझं डोकं फिरतं.

लग्न चांदीपला, माहेरच्या अंगणात झालेलं. त्याचा दाखला कुठला? प्रतिज्ञापत्राचा खर्च मी करतो म्हटलं, तर ती भडकली. "नाव मी बदललं नाय, भाऊ. बदललं त्यांनी. मग मी मीच हाय ह्ये वकिलापुढं मी का सांगू?"

उद्घाटनाला तिला बोलावणं आलं ते औक्षणासाठी. सत्कारमूर्तींना ओवाळायला पाच बायका हव्या होत्या. मी म्हटलं, "जाऊ नका, ताई." ती म्हणाली, "पोरी येनार हायेत बघायला. त्यांना समजू दे, भिंतीवर कोन कोन चढतं." तिने अध्यक्षांच्या भावालाही ओवाळलं. व्यासपीठावरून खाली उतरल्यावर माझ्या कानाशी म्हणाली, "पाय बघितलं त्याचं. ह्यो कधी एस्टीमागं पन धावला नसल."

महिन्याभराने खर्चाच्या पावत्या माझ्याकडे तपासायला आल्या. त्यात औक्षण करणाऱ्या महिलांचं मानधन होतं, प्रत्येकी एकावन्न रुपये. पाचव्या ओळीत खजिनदारांनी सुनेत्रा असं लिहिलं होतं. समोर ठळक, सावकाश काढलेल्या अक्षरांत सही होती: मंजुळा, चांदीप. दाखला कोणी मागितला नव्हता, प्रतिज्ञापत्रही नाही.

मी ती पावती बिनशर्त मंजूर केली आणि तिच्याखालीच माझा राजीनामा ठेवला. दालनाकडून तिला अखेर दिले गेले रुपये एकावन्न फक्त. मिळाले मंजुळाला.