बर्फात मीठ

आइस्क्रीमच्या पॉटभोवती बर्फ ठेचून वर खडेमीठ टाकलं, की ओल्या गोणपाटाच्या त्या खारट वासासरशी मला रामदासपेठेतली मे महिन्यातली एक दुपार आठवते. अक्काचं ऑपरेशन व्हायचं होतं, आणि रक्त कोण देणार असा प्रश्न निघताच सुईला घाबरणारा मी चटकन म्हणालो, "ब्लड बँकेतून बाटली आणायचं काम माझं!" तिथल्या बाईंनी काचेची बाटली देताना बजावलं, "गार ठेवा, पण बर्फाला टेकू देऊ नका." बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. मी म्हटलं, गार चांगलं तर जास्त गार आणखी चांगलं. आणि आइस्क्रीमचा जाणकार तर मी होतोच. बादलीत बर्फ, बर्फात बाटली, वर मुठीमुठीने मीठ, असा सायकलरिक्षातून ऐटीत दवाखान्यात पोचलो. कंपाउंडरने बाटलीच्या कडेला गोठलेला लाल थर पाहिला. "काहून गा, रक्त आणलं का कुल्फी? गोठलं का रक्ताच्या पेशी फुटतात. हे चढवलं तर पेशंटच जाईन!" आत अक्का खोळंबलेली. मी बादली तिथेच खाली ठेवली. कंपाउंडर म्हणाला, "तुहा गट तिचाच हाय ना? मंग त्याच रिक्षात वापस बस, अन् बाही आतापासूनच वर कर." माझ्या रक्ताची ती दुसरी बाटली आणायला मात्र तो स्वतः माझ्यासोबत आला. अक्का आज ऐंशीची आहे. पॉट निघाला की अजून म्हणते, "मिठाले हात नको लावू बाबू, तू निस्ता दांडा फिरव." मी फिरवतो.