वेचणीचा शर्ट

सोनाळ्याला वहिनींच्या दारात पाय ठेवायच्या आधीच मी चूक करून मोकळा झालो होतो. बायकोबरोबर एसटीतून उतरलो तर समोरच कापूस वेचणाऱ्या बायांची मुकादमीण. ही बाई रोज सकाळी दारोदार हाक देऊन बाया गोळा करते आणि शेतावर नेते. तिला मी बजावलं की, आमच्या वहिनींना यंदा हाक देऊ नका. ऑपरेशन झालेली बाई, आराम करू द्या. वर हात जोडले. माझे मलाच डोळे भरून आले.

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली. ऑपरेशन झालं, पुढचे उपचारही पार पडले. दोघंही मजुरीवर, म्हणून आम्ही नातेवाइकांनी पैसे जमवले. त्यात पुढाकार माझा. मी शाळेतला मास्तर, पण तेव्हापासून स्वतःला अर्धा डॉक्टर समजत होतो.

चहा पिता पिता मी मुकादमिणीची गोष्ट फुशारकीने सांगितली. वहिनींनी कपबशी खाली ठेवली.

"भाऊजी, महिनाभर तिच्या मागं लागली होती मी. काल कुठं ती म्हणाली, उद्या बाजाराची सुटी, परवापासून ये," त्या म्हणाल्या. "तुमी सगळ्याईनं पैसे देले, ते मी विसरली नाही. पण दवाखान्यातून आली तशी लोकं मले पाहालेच येतात. बोलाले कोणी येत नाही."

मी आणलेल्या केळ्यांकडे पाहत बसलो. माझी बायको वहिनींना घेऊन आत गेली. आत काय बोलणं झालं ते मला तिनेच नंतर सांगितलं. घरात नुसत्या साडी-ब्लाउजवर वावरताना वहिनींना अवघड वाटायचं. आल्यागेल्याची नजर सपाट बाजूवरच जायची. वेचणीला मात्र आमच्याकडची प्रत्येक बाई साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते, हाताला ओरखडे नकोत म्हणून. त्या शर्टात सगळ्या सारख्याच. दुपारी बांधावर डबे उघडले की हिची भाजी तिच्या भाकरीवर. वहिनींना तिथे जायचं होतं.

बायकोने तिथूनच दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन लावला आणि यांनी कामावर जावं का, असं विचारलं. वर्षभरात हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. हलकं काम चालेल, पण डाव्या हाताने वजन उचलायचं नाही, त्या हाताला बोचू-कापू द्यायचं नाही, सूज दिसली तर लगेच यायचं, असं उत्तर आलं. मग बायको माझ्याकडे वळली. मी म्हटलं, मुकादमिणीला फोन करतो. ती म्हणाली, हात समोर उभं राहून जोडले होते, तर कानही तसेच धरा.

गेलो. अंगणात आणखी चार बाया बसलेल्या.

"काऊन हो मास्तर," मुकादमीण म्हणाली, "सकाळी आराम अन् दुपारी काम?"

बाया पोटभर हसल्या. पण हसता हसताच त्यांनी ठरवून टाकलं. वहिनी उजव्या हाताने वेचतील, कमरेला बांधलेली कापसाची ओटी अर्धी भरली की शेजारची बाई नेऊन रिकामी करेल, पाळीपाळीने. मी काही सुचवायला तोंड उघडलं, तर मुकादमीण म्हणाली की मास्तर, तुमी आता चहाच प्या.

एकच अडचण उरली. भावाचे सगळे शर्ट अर्ध्या बाह्यांचे निघाले. बायकोने माझ्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाकडे पाहिलं. जळगाव जामोदला घरी परतलो तो भावाच्या शर्टात, पोटावरची दोन बटणं उघडी टाकून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनींचा फोन आला. हात ठीक होता. दिवसभरात वेचला थोडाच, पण बोलून बोलून घसा बसला होता. बाया म्हणे चिडवत होत्या की मास्तरच्या शर्टात अजून एक बाई मावते. आणि मुकादमीण उद्याही हाक देणार होती.

मी इतका खूश झालो की लगेच वर्गणी दिलेल्या एका पुतण्याला फोन लावून, आपण वहिनींना कसं पुन्हा उभं केलं, ते सांगायला बसलो. बायको भाजी निवडत होती. तिने मान वर न करता म्हटलं,

"गावभर सांगत नका फिरू आता. कामावर जाऊबाई गेल्या, तुमी नाही."