सरळ रेषेत उतरणारी विहीर

धुळ्याच्या एका कॉलेजात मी आणि माझे एक सहकारी पहिल्या वर्षाला गणित शिकवतो. ते अ तुकडीला, मी ब तुकडीला. त्यांच्या तोंडी कायम ‘मानू या’ असतं. चहा सांगितला तरी म्हणतात, “मानू या, पाच मिनिटांत येईल.” नाही आला, तर घड्याळ बघून ओशाळतात, जणू उशीर त्यांनीच केला.

यंदा त्यांनी मोटार लावलेल्या विहिरीचं उदाहरण घेतलं. पाणी दर तासाला सारखंच उतरतं असं मानलं, की आलेख सरळ रेषेत येतो. सोनगीरकडची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, आमनी विहीर अशी उतरत नही. झरा उघडा पडना का पानी हळू उतरस.”

वर्ग हसला. ते म्हणाले, “मानू या, तुझं बरोबर आहे. रविवारी बघायला येऊ का?”

आणि खरंच गेले. हात-हात अंतरावर गाठी मारलेली दोरी सोडून दिवसभर विहिरीच्या काठावर बसले. सोमवारी त्यांच्या फळ्यावरची रेषा झऱ्यापाशी मोडलेली होती. शेजारी लिहिलं होतं, ‘या कोपऱ्यावर डेरिव्हेटिव्ह, म्हणजे एकच ठरावीक उतार, नाही. गृहीतक माझं चुकलं.’ खाली सही.

ती दोरी त्यांनी स्टाफरूममध्ये माझ्यापुढे ठेवली. “तुमच्या तुकडीला दाखवा.”

मी ती कपाटात ठेवली. परीक्षेला सरळ रेषाच येते.

माझ्या तुकडीतही सोनगीरकडची दोन मुलं आहेत. ती मला कधी काही म्हणाली नाहीत.