स्प्रिंगवाल्याची गादी

मखमलाबादच्या नवसाबाईनं आयुष्यात कुठलीही वस्तू नाकाला लावल्याबिगर घरात घेतली नाही. बी-बियाणं असो, बाजरी असो, नाहीतर लेकासाठी पाहिलेली सून असो. प्रतिभाला बघायला गेली तेव्हा तिनं पोरीआधी पोरीच्या हातचा चहा हुंगला आणि "आलं ताजं हाय" एवढ्यावर लग्न जमवून टाकलं. झेंडू-शेवंती पिकवून नाशकाच्या फुलबाजारात विकणारी बाई. नाक हाच तिचा तराजू, आणि त्यानं तिला कधी दगा दिला नव्हता.

पण आता प्रश्न नवऱ्याच्या छातीचा होता, आणि तिथवर नाक पोचत नव्हतं.

भिमाजीला उन्हाळ्यात झटका येऊन गेला. दवाखान्यात हाताच्या शिरेतून तार घालून आत काहीतरी बसवलं. वॉर्डातला मामा म्हणाला, "स्प्रिंग टाकली बरं का आजी, आता घोड्यावानी पळतील." झालं, गावभर तोच शब्द. भेटायला येणारा जो तो विचारी, "बसली का स्प्रिंग?" आणि भिमाजी सदऱ्याचं बटण काढून छाती दाखवी, जशी काही ती बाहेरून दिसणार होती.

नवसाबाईच्या मनात मात्र तो शब्द काट्यासारखा रुतला. स्प्रिंग म्हणजे लोखंड. लोखंड म्हणजे गंज, आणि लोखंडाला लोखंडाची ओढ. नवरा घरी आला त्याच दिवशी तिनं लोखंडी पलंग गोठ्यात हलवला, त्याला खाली जुन्या कापसाच्या गादीवर निजवलं आणि त्याच्या उशाखालचा अडकित्ता काढून पिठाच्या डब्यामागं दडवला.

हा अडकित्ता भिमाजीच्या आईनं ठेवलेला. पोर झोपेत दचकतं म्हणून उशाखाली लोखंड. पोर मोठं झालं, आई गेली, केस पिकले, तरी अडकित्ता उशाखालीच. सुपारी म्हणाल तर त्यानं जन्मात कातरली नाही.

"नवसे, माझा अडकित्ता कुठंय?"

"हरवला."

"घरातल्या घरात?"

"मंग तुमची अक्कल कुठं हरवली, घरातच ना?"

भिमाजीची झोप त्या दिवसापासून उडाली. गादीत जागोजाग कापसाचे गोळे झालेले, त्यावर तो या कुशीवरून त्या कुशीवर. शेजारी नवसाबाई कान लावून. तो हलला की तिला धस्स व्हायचं, आणि हलला नाही की त्याहून जास्त. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, औषध वेळेवर आणि झोप पोटभर. झोपच नाही म्हटल्यावर माणूस हातचा जाणार, असं तिच्या मनानं घेतलं.

"गादीच बदलू या, आई," प्रतिभा म्हणाली, आणि सासू-सून नाशकात गादीच्या दुकानात गेल्या.

दुकानदार ललितशेठ बोलायला गोड. त्यानं पहिली फोमची गादी दाबून दाखवली. नवसाबाईनं वाकून हुंगलं आणि पदर नाकाला लावला.

"शेठ, हिच्यावर निजायचं का फवारणी करायची? पंपावानी वास मारतोय. माझ्या भाचीनं मोबाईलवर दाखवलंय, ह्या वाफंनं काळीज सुजतं."

"मग ही घ्या मावशी. स्प्रिंगची."

नवसाबाई झटक्यात मागं सरली. "माणसाच्या आत एक हाय, आन् खाली पोतंभर घालू? आतली खाली वढली गेली म्हंजे?"

ललितशेठला वाटलं, बाई थट्टा करते. त्यानं हसत हसत ठेवणीतला माल काढला. "तुमच्यासाठी ही खास. आत लोहचुंबक बसवलेत. हृदयाला एकदम उत्तम!"

"मढं बशिवलं तुझ्या चुंबकाचं!" नवसाबाईनं सुनेचं मनगट धरलं ते थेट रस्त्यावर आणून सोडलं.

रिक्षात मात्र तिचा बांध फुटला. "मीच गादी निवडायची, आन् माझ्याच हातानं त्यांना..."

"परवा तपासणी आहे ना? डॉक्टरांनाच विचारा."

"हसतील गं."

"हसू द्या. हसून काय स्प्रिंग निघणारे?"

तपासणीला भिमाजीला ईसीजीची पट्टी काढायला आत नेलं, तेवढ्यात नवसाबाईनं डॉक्टरीणबाईंपुढं सगळं एका दमात ओकून टाकलं. रोहिणी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मावशी, स्प्रिंग कोण म्हणालं तुम्हाला?"

"आख्खं गाव म्हणतंय."

"ती स्प्रिंग नाही, जाळी आहे. बारीक नळीसारखी. शिरेला आतून धरून ठेवते. गंजत नाही, आणि पलंगाकडं ओढलीही जात नाही."

"जाळी? कारल्याच्या येलाला लावतो तशी?"

"तशीच समजा."

"येल मंग जाळीला पोटात घेतो," नवसाबाई हळूच म्हणाली. "वढली तरी निघत नाय."

"इथंही तसंच होतं. छातीत पेसमेकर असता, तर चुंबक लांब ठेवा म्हटलं असतं. यांना तो नाही. पण चुंबकाच्या गादीनं हृदयाचं भलंही होत नाही, उगाच घेऊ नका. फोमचा वास काही दिवस वाऱ्यावर टाकला की जातो. सहनच होत नसेल तर दुसरी घ्या. काळजापेक्षा पाठीला विचारून गादी निवडा. आणि गोळ्या चुकवू नका."

नवसाबाई उठली, दारापर्यंत गेली, परत फिरली. "आन् उशाखाली अडकित्ता ठेवला तर?"

आता मात्र मॅडमना हसू आवरलं नाही. "ठेवा की. फक्त मिटलेला ठेवा."

येताना भिमाजीलाच दुकानात नेलं. तो एकेका गादीवर ऐसपैस आडवा झाला आणि काथ्याची, वर कापसाचा थर दिलेली त्याच्या पाठीला पसंत पडली. नवसाबाईनं ती चारी कोपऱ्यांनी हुंगली. "सुंभाचा वास हाय," ती म्हणाली. "वळखीचा."

दुपारी गोठ्यातला पलंग धुऊनपुसून पडवीत आला. वर नवी गादी, गादीवर तिनं शिवलेली गोधडी. भिमाजी टेकला, सवयीनं उशाखाली हात घातला आणि थबकला.

"सापडला व्हय गं?"

"सापडला. अक्कल बी सापडंल हळूहळू."

बघता बघता भिमाजी घोरायला लागला. नवसाबाई श्वास ऐकायला म्हणून पलंगाच्या पायाशी बसली. मांडीवर शेवंतीची पाटी, हातात दोरा. चार फुलं ओवली नसतील, तिची मान पाटीवर कलली.

फुलांचा टेम्पो दारात येऊन हॉर्नवर हॉर्न देऊ लागला. प्रतिभा ओठांवर बोट ठेवून धावत बाहेर गेली.

टेम्पोवाला चंदर घाबरून म्हणाला, "का वो वहिनी, काय झालं?"

"काही नाही झालं," प्रतिभा म्हणाली. "दोघंबी झोपलेत."