ऑरिनचा फळा

ऑगस्ट लागला की ऑरिन स्कारच्या पायाला भिंगरी लागते. मी हेझल. मॉन्टानातल्या आमच्या नदीकाठच्या दुकानात पिसं-दोरे गुंडाळून गळाला लावायच्या खोट्या माश्या बांधते, आणि त्याच्या येरझाऱ्या बघून माझंच डोकं उठतं.

तीस वर्षं तो वाटाड्या म्हणून पाहुण्यांना ट्राउट मासे धरायला नेतोय. रोज सकाळी पुलाखाली नदीचं तापमान मोजतो आणि कधी कुठली माशी गळाला लावायची तेही दुकानापुढच्या फळ्यावर लिहितो: ‘सकाळी आठ ते दहा, बारीक काळ्या माश्या. उन्हं चढली की नाकतोडे. पाणी बासष्ट.’ धरलेला मासा आम्ही सोडून देतो, पण कोमट पाण्यात झुंजून दमलेला ट्राउट सोडला तरी मरतो. म्हणून पाणी अडुसष्ट अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की गळ बंद. फळा म्हणेल ते नदीवरचे सगळे वाटाडे ऐकतात.

यंदा आग ओकणारं ऊन, तरी फळ्यावर बासष्टच.

“म्हातारबा, रात्री नदीत बर्फ टाकतोस की काय?” टेस म्हणाली. तीही वाटाडीच, पण तिशीतली.

“तू तुझं वल्हं सांभाळ!” तो खेकसला. कॉफी तशीच ठेवून दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

“अरे, बूड टेक की जरा!” मी ओरडले. तो बाहेरच निघून गेला.

गुरुवारी अकराला टेस आली ती रडकुंडीला येऊन. “वळणावर सात ट्राउट पोट वर करून तरंगतायत. दोन माझ्या पाहुण्याने सोडलेले. त्याच्याच थर्मामीटरने मोजलं. एकाहत्तर!”

ऑरिन मटकन खुर्चीत बसला.

“गुडघा गं,” तो माझ्याकडे बघून म्हणाला. “पुलाखालच्या दगडांवर उतरवत नाही. जूनपासून झऱ्याच्या तोंडाशी मोजतोय.”

झऱ्याचं गार पाणी नदीला मिळतं तिथे मोजू नये, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

“बोलला का नाहीस?”

“गुडघा गेलेल्या वाटाड्याला कोण कामाला ठेवतं?”

मला इतका संताप आला की हातातली माशी मी भिरकावून दिली. त्याची कीवही आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला. तो उठला, फळा पुसला आणि लिहिलं: ‘गळ बंद. मी चुकीच्या जागी मोजत होतो. मासे माझ्यामुळे मेले. ऑरिन.’

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो पुलाखाली उतरला, दगडांवरून बसत, घसटत. पँट गुडघ्यापाशी फाटली होती. फळ्यावर लिहिलं: ‘पाणी सदुसष्ट. नऊनंतर गळ बंद.’ खरंखुरं.

वाटाडे आले. फळा वाचला. “मॉर्निंग, ऑरिन,” नेहमीसारखंच म्हणाले. मग एकेक जण खिशातून आपापला थर्मामीटर काढून पुलाखाली उतरला. टेससुद्धा.

ऑरिन खिडकीशी उभा राहून बघत होता.

“बरोबर आहे त्यांचं,” तो म्हणाला. “मीही तेच केलं असतं.”